बाबांसाठी रोज एक रत्नागिरी

पुसदहून रत्नागिरीला थेट एसटी नव्हती, आणि बाबांच्या मते नोकरी नाकारायला तेवढं कारण पुरेसं होतं.

"ज्या गावाले आपल्या डेपोतून गाडी जात नाही, त्या गावाशी आपला संबंध काय?" माझ्या नेमणुकीचा कागद उलटसुलट करत ते म्हणाले. बाबा तालुक्याच्या सरकारी कचेरीत बाबू होते. कागद उलटसुलट करणं हा त्यांचा जन्माचा धंदा. पण या कागदात खोट सापडेना, म्हणून ते नोकरीवरच घसरले. नोकरी होती पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत. मी रसायनशास्त्र शिकले होते आणि पहिल्याच खेपेला निवडले गेले होते. बाबा म्हणाले, "पाणीच तपासाचं आहे तर आपल्या नळाले काय काटे आहेत?"

खरी अडचण वेगळीच होती. यवतमाळचं एक स्थळ आलं होतं. मुलगा इंजिनीअर, घर स्वतःचं, माणसं वजनदार. दिवाळीनंतर पक्कं करू, असा त्यांचा निरोप होता. लग्नाला माझी ना नव्हती, पण ती नोकरी मला हवी होती, अगदी जीव जाईल इतकी हवी होती. स्वतःच्या पगारावर, स्वतःच्या खोलीत, कोणी ओळखत नाही अशा गावात राहून पाहायचं होतं मला. घरात हे बोलून दाखवायची सोय नव्हती. म्हणून मी दोन दिवस तोंड फुगवून बसले, आणि तोंड फुगवण्यात माझा हात धरणारं आमच्या गल्लीत कोणी नाही.

शेवटी आईनं मध्यम मार्ग काढला. "दिवाळीपर्यंत जाऊ द्या. करमलं नाही तर येईन पोरगी वापस." बाबांनी मान हलवली आणि अट घातली. रोज एक फोटो पाठवायचा. नव्या जागेचा. एकदा दाखवलेली जागा पुन्हा चालायची नाही. "ज्या दिवशी फोटो आला नाही, त्या दिवशी मी बॅग भरतो अन् तुले घेऊन येतो. दिवाळीत काय ते पाहू." म्हणजे कचेरीतली हजेरीच ती, फक्त सहीऐवजी फोटो.

पोरगी आठ-पंधरा दिवसांत दमेल, असा त्यांचा हिशेब असणार. झालं उलटंच. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. जी मुलगी एरवी प्रयोगशाळा ते खोली, खोली ते प्रयोगशाळा एवढंच गाव पाहती, तिला बापाच्या अटीपायी सगळी रत्नागिरी पायाखाली घालावी लागली.

पोळा झाला आणि मी निघाले. नांदेड, सोलापूर, कोल्हापूर करत रत्नागिरीत उतरले, तर पहिला फोटो बसस्टँडचाच काढला. संध्याकाळी बाबांचा फोन. "स्टँड बरा आहे. साफ आहे. पण गाड्या कमी दिसून राह्यल्या."

फोटो त्यांच्यापर्यंत पोचायचे त्याचीही एक तऱ्हा होती. माझ्या मोबाइलला कॅमेरा होता, बाबांच्या मोबाइलला नुसती बटणं. आमच्या चौकात एका चाचांचा फोटो स्टुडिओ होता. माझा शाळेतला पहिला पासपोर्ट फोटो त्यांनीच काढलेला, कान दिसले पाहिजेत म्हणून माझी वेणी मागे ओढून. त्यांच्याकडे संगणक होता. मी कामावरून सुटले की फोटो काढायचा, सायबर कॅफेतून चाचांना मेल करायचा, आणि कचेरी सुटली की बाबांनी स्टुडिओत जाऊन तो पाहायचा. मध्ये भारनियमन आडवं यायचं. पुसदला लाइट जायची वेळ आठवड्याआठवड्याला बदलायची आणि माझी हजेरी त्या वेळापत्रकाला बांधलेली. कधी बाबा अंधारात स्टुलावर बसून लाइट यायची वाट पाहायचे, पण फोटो पाहिल्याशिवाय घरी जेवायला जायचे नाहीत.

चाचांना तर हे काम देवानं धाडल्यासारखं झालं. त्या वर्षांत कापसानं आमच्या जिल्ह्याचा चेहराच उतरवून ठेवला होता. कापसाला भाव नाही म्हटलं की लग्नं पुढं जातात, आणि लग्नं पुढं गेली की फोटोग्राफर माशा मारत बसतो. चाचांनी माझे फोटो छापून दुकानाच्या काचेवर आतून चिकटवायला सुरुवात केली. छापायचे पैसे घेईनात. "बाबूजी, रिकाम्या काचेपरीस समुंदर बरा," म्हणाले. वर मला फोनवर शिकवणी सुरू. "बेटी, सूरज पाठीमागं ठेवत जा. समोर ठेवशीन तर सगळं काळं येते."

मी ऐकत गेले आणि गाव पाहत गेले. घरमालकीण आईच्या वयाची, एकटी, दिवसभर बोलणारी बाई होती. रोज सकाळी तीच मला वाट लावून द्यायची. "आज किल्ल्यावर जा गो, दीपगृह बघ. उद्या मिरकरवाड्याला जा, बोटी बघ." तिच्यामुळे मला कळलं की या गावात एक काळा समुद्र आहे आणि एक पांढरा समुद्र. मला वाटलं बाई गंमत करते. पण पाणी तेच, वाळूचा रंग वेगळा, आणि लोक सरळ तसंच म्हणतात. आम्ही नाही का, काळी जमीन आणि बरड जमीन म्हणत?

मी जांभ्या दगडाचे तांबडे बांध काढले. आंबा नसलेली आंब्याची झाडं काढली, आणि बाबा म्हणाले, "आंबे असताना काढाचा ना." भाट्याचा पूल काढला. दोरीवर वाळत घातलेले बोंबील काढले, तेव्हा आई म्हणे दुकानातच म्हणाली, "किती बारीक मोजे आहेत हे!" दीपगृह काढलं तर बाबांचा शेरा आला, "खांब वाकडा आहे." मी म्हटलं, "खांब सरळ आहे बाबा, वाकडी मी होते. वारा केवढा असतो इथं!" त्यांचे शेरे ऐकून आधी राग यायचा, मग हसू. आणि रोज संध्याकाळी चारपाच वाजले की प्रयोगशाळेत नळ्या धुताना माझ्या डोक्यात एकच विचार, आज कुठं? असा विचार करायची चैन मला आयुष्यात पहिल्यांदा मिळाली होती. मी रस्त्यानं एकटीच हसत चालायचे.

एक गोष्ट मात्र खटकायची. गाव कुठलं विचारलं की मी यवतमाळ जिल्हा म्हणायचे, आणि समोरच्याचा चेहरा पडायचा. "अरेरे," प्रयोगशाळेतल्या एक वरिष्ठ बाई म्हणाल्या. मी जणू गावाचं नाही, दुखण्याचं नाव सांगितलं होतं. वर्तमानपत्रात आमच्या जिल्ह्याचं नाव तेव्हा एकाच कारणानं यायचं, आणि ते खोटं नव्हतं हे मला त्यांच्यापेक्षा जास्त माहीत होतं. पण दर वेळी कोणी माझ्याकडे पाहून चुकचुकलं की माझ्या डोक्यात तिडीक जायची. "बाई, आमच्याकडे लोक हसतात पण. भांडतात, जेवतात, नाकात बोलणाऱ्या साहेबाची नक्कल करतात," मी म्हणाले. त्या ओशाळल्या. मग मी त्यांना आमच्या चौकातल्या स्टुडिओची, काचेवरच्या समुद्राची गोष्ट सांगितली, आणि त्या पोट धरून हसल्या. त्यानंतर रोज डबा उघडला की त्यांचा पहिला प्रश्न, "काल पुसदकर काय म्हणाले?"

पुसदकर काय म्हणाले याचा कळस झाला तो काळ्या समुद्राच्या फोटोनं.

त्या दिवशी मी मांडवीला गेले, तर भली मोठी ओहोटी लागलेली. पाणी लांब गेलेलं. मागे राहिलेली वाळू काळीभोर, ओलसर, आणि लाटांनी तिच्यावर सारख्या अंतरानं रेघा ओढून ठेवलेल्या. आभाळ ढगाळ. मी चाचांचा धडा आठवून सूर्याकडे पाठ केली आणि खाली वाळूकडे कॅमेरा धरून फोटो घेतला. मला तो फार देखणा वाटला. पाठवून दिला.

मी कॅफेतून उठायच्या आत बाबांचा फोन. आवाज कचेरीतला. "हा फोटो कुठचा आहे?"

"मांडवीचा. समुद्र आहे."

"समुद्र कुठं आहे त्यात?"

"ओहोटी आहे बाबा. पाणी मागं गेलं."

"बेटा, मले शिकवू नको. हे वावर आहे."

झालं होतं असं की त्या संध्याकाळी स्टुडिओत आमच्या ओळखीचे दोन शेतकरी आणि कापसाच्या जिनिंगमधला एक मुकादम बसले होते. तिघांनी फोटो पाहिला आणि एकमतानं निकाल दिला. ही कापसाची काळी जमीन. वखरलेली. तास, म्हणजे औताच्या रेघा, काढलेले. वाफसासुद्धा आलेला, म्हणजे आत्ता पेरलं तर हुकणार नाही. एका शेतकऱ्यानं तर संगणकाच्या काचेला नाक लावून विचारलं होतं, "एवढी भारी जमीन, पेरली काहून नाही यायनं?" जमिनीच्या बाबतीत या माणसांची नजर चुकत नाही, हे बाबांना ठाऊक होतं. त्यामुळे बाबांच्या मनात भलताच संशय शिरला. पोरगी रत्नागिरीत नाहीच. इकडेच कुठं तरी, दारव्ह्याकडे नाही तर वणीकडे आली आहे आणि खोटी हजेरी लावते आहे.

"बाबा, मी दारव्ह्याले येऊन वावराचा फोटो कायले काढू?" मी भर कॅफेत ओरडले. रागात माझी बोली आपोआप घरी जाते. शेजारच्या संगणकावरची पोरं वळून पाहू लागली.

"मग समुद्रात तास कोणं काढले?"

"लाटांनी!"

 मग मागून त्या शेतकऱ्याचा आवाज, "बाबूजी, तिले विचारा, पानी गेलं तं गेलं कुठं?" मी सांगितलं की गेलं तसं परत येतं, आताची ही सगळी जमीन काही तासांत पाण्याखाली जाईल. बाबांनी ते मोठ्यानं सगळ्यांना सांगितलं. 

"रोज येते?" शेतकऱ्यानं फोनच हातात घेतला.

"रोज. दिवसातून दोनदा."

"मोटर नाही, लाइन नाही?"

"नाही काका. आपोआप."

"अन् आपल्याकडं विहिरीतलं एकदा गेलं तं पुढच्या मिरगापर्यंत तोंड दाखवत नाही," ते म्हणाले आणि असे खळखळून हसले की मला फोन कानापासून दूर धरावा लागला. मागे चाचा, मुकादम, बाबा सगळेच हसत होते. पीक हातचं गेलेल्या वर्षात तो माणूस समुद्राच्या ओलिताचा हेवा करत हसत होता. मला त्या क्षणी ती सगळी माणसं इतकी आवडली की तिथंच, कॅफेत, डोळे भरून आले.

तरी बाबा बाबूच. बोलणं पुरावा होत नाही. त्याच जागेवरून, पाणी आल्यावरचा फोटो त्यांना हवा होता. मी म्हटलं, "एकदा दाखवलेली जागा चालत नाही ना?"  बाबा म्हणाले, "विशेष बाब म्हणून मंजूर." दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत पळत जाऊन काढलेला भरतीचा फोटो गेला. चाचांनी दोन्ही शेजारी शेजारी चिकटवले, आणि पुढचे कितीतरी दिवस लोक दुकानासमोर सायकल थांबवून आधी वावर पाहायचे, मग समुद्र.

असे दिवस मजेत जात होते आणि दिवाळी जवळ येत होती. दुकानात आकाशकंदील दिसले की मी रस्ता बदलायचे. नोकरीत मन रमलं होतं, गावात पाय रमले होते. आता पक्कं करायचं म्हणजे काय, हे मी जाणून होते. यवतमाळचं घर वजनदार होतं आणि बाबा वजनदार माणसांपुढे मान खाली घालून उभे राहत आलेले. त्यांनी आयुष्यात कुठल्या साहेबाला नाही म्हटल्याचं मी ऐकलं नव्हतं. मी मनाशी ठरवत होते की भांडायचं. पण बाबांशी एकदा भांडायला लागलं की मला मध्येच हसू येतं, हाही अनुभव होता.

आणि एका सकाळी घरमालकिणीनं खालून हाक मारली, "खाली ये गो, तुझे बाबा आलेत!"

मी जिना उतरता उतरता फोटो मोजले. एकही दिवस चुकवला नव्हता. पावसात, तापात, कॅफेचा जनरेटर बंद असताना दुसऱ्या कॅफेत धावत जाऊन मी फोटो पाठवले होते. तरी बाबा बॅग घेऊन दारात उभे. प्रवासानं कपडे चुरगळलेले, डोळे लाल. "रजा टाकून आलो," एवढंच बोलले. का आलात हे विचारायची माझी हिंमत होईना आणि ते सांगेनात. त्यांना चहा दिला, मी कामाला गेले. त्या दिवशी दोनदा मोजमाप चुकवलं मी.

बाबा दिवसभर एकटेच गावात फिरले. संध्याकाळी प्रयोगशाळेच्या फाटकाशी उभे होते. म्हणाले, "आजचा फोटो व्हायचा असन ना? चाल, मी येतो."

मी त्यांना मुद्दाम मिरकरवाड्याच्या बंदरावर, अजून न दाखवलेल्या धक्क्यावर नेलं. बोटी लागायची वेळ होती. टोपल्या उतरत होत्या, लिलाव चालला होता, कोळणी एकमेकींच्या वर आवाज चढवत होत्या. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. बाबांनी नाकाला रुमाल लावला, पण नजर काही लिलावावरून हटेना. "बायाच बोली लावून राह्यल्या," ते रुमालातून म्हणाले. तेवढ्यात एका कोळणीनं मला पाहिलं. "काय गो फोटोवाली, आज कोणाला घेऊन आलीस?" मी म्हटलं, माझे बाबा. तिनं बाबांना खालून वर पाहिलं आणि म्हणाली, "पोरीला जरा खायला घाला हो, नुसती पळत असते गावभर." दुसरीनं मला हाताला धरून ढीगभर बर्फावरून पलीकडे नेलं, कारण तिथून बोटी चांगल्या दिसतात. मी काढायचा तो फोटो काढला आणि परत आले, तेव्हा बाबा एका उलट्या टोपलीवर बसले होते. रुमाल नाकालाच.

"यवतमाळचे पाहुणे आलते परवा," ते म्हणाले.

मी मोबाइल पर्समध्ये टाकला.

"त्यायले चाचाच्या दुकानात नेलं मी. म्हटलं, पाहा, आमची पोरगी काय काय पाहून राह्यली. सगळे फोटो दाखवले. वावरवाला पण. मुलाचा बाप म्हणे, छान आहेत, पण लग्न झाल्यावर नोकरी अन् हे भटकणं, दोन्ही बंद करा लागन."

"मग तुम्ही काय म्हटलं?"

"मी म्हटलं, मंग राहू द्या." बाबा बोटींकडे पाहत होते. "चौकात, सगळ्यायसमोर म्हटलं. तोंडातून निघून गेलं बेटा. स्थळ चांगलं होतं. तुले न विचारता मी त्याले ना म्हटलं. तुले राग आला असन तर सांग. हे फोनवर सांगासारखं नव्हतं, म्हणून आलो."

मला काय व्हायला हवं होतं कोण जाणे, पण झाला तो संताप. "हे सांगायले आलात? सकाळपासून माझा जीव टांगणीला लावला! मी काय काय डोक्यात घेऊन दिवस काढला! सकाळी दारात सांगता नव्हतं येत?" मी अशी कडाडले की लिलाव करणारी बाई क्षणभर थांबली. आणि बोलता बोलता मी रडत होते, आणि रडता रडता हसत होते, कारण माझे बाबा, कधी कोणाला नाही न म्हटलेले माझे बाबा, नाकाला रुमाल लावून मासळीच्या टोपलीवर अपराध्यासारखे बसले होते. मला जगातलं सगळं सुख एकदम मिळाल्यासारखं झालं.

"सकाळी कसं सांगू?" ते शांतपणे म्हणाले. "पहिले पाहाचं होतं मले."

"काय पाहायचं होतं?"

"तुले. एवढे फोटो पाठवले, एकाही फोटोत तू नाही. तुझी माय म्हणते पोरगी तिथं खुश आहे. मी म्हटलं, कशावरून? तिले कसं दिसलं अन् मले कसं नाही दिसलं?"

 त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही. रुमाल खिशात घातला, बटणांचा फोन काढला आणि घरी लावला. बंदरावरच्या गोंगाटात त्यांना ओरडूनच बोलावं लागलं.

"हां, मी बोलून राह्यलो. पाह्यलं तिले… हो, सांगितलं… अवं, खुश आहे! माझ्यावरच खेकसून राह्यली, सगळ्या बाजारात… तब्येत बरी आहे… हां, उद्या निघतो. नाही, नाही. एकटाच."